दाढ काढायची, पण हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी कशाला?

प्रश्न: आईची (वय 58) हृदयाची झडप 2019 मध्ये बदललीय, धातूची. लहानपणच्या सांधेतापाने खराब झाली होती. आता दाढ काढायचीय. चाळीस वर्षं मिश्री लावते, ब्रशवर रोज गुलाबी फेस. दातांच्या डॉक्टरांनी हृदयवाल्यांची चिठ्ठी आणा म्हणून परत पाठवलं. दोन बस बदलून गेलो होतो हो!

उत्तर 1: त्यांचं बरोबर आहे. दाढ उपटताना तोंडातले स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू रक्तात शिरतात. एरवी शरीर त्यांना लगेच संपवतं, पण कृत्रिम झडपेवर ते ठाण मांडू शकतात. म्हणून तासभर आधी अमॉक्सिसिलिन (पेनिसिलिनच्याच जातीचं, जंतू मारणारं औषध) देतात, मोठ्यांना 2 ग्रॅम. पेनिसिलिन सोसत नसेल तर आधीच सांगा. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका.

उत्तर 2: झडपेचा हा संसर्ग पुरुषांत जास्त दिसतो. पण आपल्याकडच्या बायका हिरड्या अंगावर काढतात, माझ्या सासूबाईंसारख्या.

उत्तर 3: म्हणजे हिरड्या सुजल्या की हार्ट अटॅक?

उत्तर 1: नाही, ते वेगळं. तिथे संबंध दिसतो, पण हिरड्यांमुळेच अटॅक येतो हे सिद्ध नाही.

प्रश्नकर्ती: चिठ्ठी मिळाली. आई म्हणते, दाढ न्या, डबी ठेवा.