सिव्हिलायझेशन ६ : नवशिक्याने आधी विस्तार शिकावा की युद्ध?

षट्कोनी :

शहरे वसवून साम्राज्य उभारण्याच्या सिव्हिलायझेशन या संगणकीय खेळांच्या मालिकेचा सहावा भाग २०१६ मध्ये आला, त्याची 'राइज अँड फॉल' आणि 'गॅदरिंग स्टॉर्म' ही दोन एक्स्पान्शन (पुरवणी भाग) २०१८ आणि २०१९ मध्ये आली, आणि २०२५ मध्ये सातवा भाग येऊनही या खेळाकडे नव्याने वळणारे अनेक जण आजही सहाव्यापासूनच सुरुवात करतात. त्यांना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'आर्चर (तिरंदाज) जमवा आणि जवळच्या शेजाऱ्याला गिळून टाका'. मला हा सल्ला शिकणाऱ्याच्या दृष्टीने घातक वाटतो. सुरुवातीच्या काही डावांत, साधारण शंभराव्या टर्नपर्यंत (पाळीपर्यंत), स्वतःहून युद्ध पुकारूच नये आणि सगळे लक्ष शहरे वसवण्यावर ठेवावे, असे माझे मत आहे.

या भागात शहरे वाढली म्हणून तंत्रज्ञान महाग होत नाही. एका शहरात किती डिस्ट्रिक्ट (विद्या, व्यापार अशा एकेका कामाचे विभाग) बांधता येतील हे लोकसंख्येवर ठरते. पहिला लगेच, दुसरा चार लोकसंख्येला, तिसरा सातला आणि चौथा दहाला मिळतो. म्हणजे बारा लोकसंख्येचे एक शहर चार डिस्ट्रिक्ट पेलते, तर चार-चार लोकसंख्येची तीन शहरे मिळून सहा पेलतात. अनुभवी खेळाडू शंभराव्या टर्नपर्यंत दहा शहरे हा जो ढोबळ मापदंड सांगतात, त्याच्या मुळाशी हाच हिशेब आहे.

शिवाय शहर वसवणे ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाही. गोड्या पाण्याजवळच्या शहराला सुरुवातीलाच पाच हाउसिंग (लोकसंख्या वाढायला जागा) मिळते, समुद्रकाठी तीन आणि कोरड्या जागी फक्त दोन, आणि त्यामुळे नदीपासून एक टाइल (नकाशावरचे घर) चुकलेले शहर पुढे कितीतरी काळ खुरटलेले राहते. सेटलर (नवे शहर वसवणारी तुकडी) तयार झाला की त्या शहराची लोकसंख्या एकाने घटते, तेव्हा तो कोणत्या शहरात आणि कोणत्या वेळी बनवायचा हा स्वतंत्र विचार आहे. 'अर्ली एम्पायर' हा संस्कृतीचा टप्पा पूर्ण करून कॉलनायझेशनचे धोरण-कार्ड लावले तर सेटलरच्या उत्पादनाला ५० टक्के जोड मिळते, आणि मॅग्नस या राज्यपालाला प्रोव्हिजनची बढती दिली तर त्याच्या शहरात लोकसंख्या घटतही नाही. हे सारे हाताळता येण्याआधीच जो फौज घेऊन निघतो, तो चार शहरे जिंकूनही मागे पडतो आणि आपण का मागे पडलो हे त्याला कळत नाही.

तटबंदी :

असहमत. विस्तार आणि युद्ध हे दोन वेगळे धडे आहेत हे गृहीतकच मला मान्य नाही, कारण या खेळात जिंकलेले शहर हेदेखील विस्ताराचेच एक साधन आहे, आणि योग्य वेळी ते सर्वांत स्वस्त साधन ठरते.

प्रमाण वेगाच्या डावात पहिला सेटलर ८० उत्पादनाला मिळतो आणि त्यापुढचा प्रत्येक ३० ने महाग होत जातो, म्हणजे सहाव्यासाठी २३० मोजावे लागतात. एक आर्चर ६० ला पडतो, म्हणजे चार आर्चर २४० ला. आधी ३५ चे स्लिंगर (गोफणवाले) बनवून सोने देऊन त्यांची बढती केली तर उत्पादनाचा खर्च आणखी उतरतो. स्लिंगरने एखादा शत्रू मारला की आर्चरीच्या संशोधनालाही चालना मिळते, आणि अगोगे कार्डाने या काळातल्या पायदळाचे आणि तिरंदाजांचे उत्पादन ५० टक्के वाढते. जोडीला ४० चे दोन-तीन वॉरियर (साधे पायदळ) धरले, तरी सहाव्या-सातव्या सेटलरच्या एकत्रित किमतीत एक छोटी फौज उभी राहते. सेटलर शहर वसवून संपून जातो. फौज पहिले शहर घेऊन दुसऱ्याकडे वळते, आणि तिला मिळणाऱ्या शहरात लोकसंख्या, सुधारलेल्या टाइल आणि बहुतेकदा एखादा डिस्ट्रिक्ट आधीपासूनच असतो.

यातली मुख्य अट वेळेची आहे, आणि तुमच्या सल्ल्याने नेमकी तीच हुकते. भिंत नसलेले शहर तुमच्यावर बाण सोडू शकत नाही. भिंत उभी राहिली की ते दर टर्नला मारा करू लागते, तिरंदाजांचा भिंतीवरचा मारा निम्म्यावर येतो आणि तलवारी-गदावाल्यांचा तर जेमतेम १५ टक्केच लागू पडतो. मग ६५ उत्पादनाचे बॅटरिंग रॅम (भिंत फोडणारा ओंडका) सोबत न्यावे लागते, आणि तेही मध्ययुगीन भिंतींपुढे निकामी ठरते. शंभर टर्न शांततेत घालवून जो पहिल्यांदा युद्धाला निघेल, त्याला युद्धाचे सर्वांत कठीण रूप सर्वांत आधी भेटेल. याला शिकण्याचा सोपा क्रम कसे म्हणायचे?

मुत्सद्दी :

तटबंदी यांचा हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच आहे. 'राइज अँड फॉल'पासून लॉयल्टी (शहराची निष्ठा) आली आणि जिंकणे व टिकवणे यांत फारकत झाली. नऊ टाइलच्या परिघातली लोकसंख्या शहरावर दबाव टाकते आणि अंतरागणिक तो दबाव कमी होत जातो. शत्रूच्या तीन मोठ्या शहरांच्या मधोमध असलेले एखादे शहर तुम्ही घेतले, तर काही टर्नमध्ये ते बंड करून स्वतंत्र होते आणि तुमच्याच सैनिकांवर उलटते. राज्यपाल नेमल्यास दर टर्नला आठ लॉयल्टी मिळते, पण सुरुवातीला असा एखादाच राज्यपाल हाताशी असतो आणि षट्कोनी यांच्या योजनेत तो सेटलर घडवण्यात गुंतलेला आहे.

षट्कोनी :

मुत्सद्दी यांनी माझेच म्हणणे नेमकेपणाने मांडले आहे. लॉयल्टीचे गणित स्वतःची शहरे वसवताना हळूहळू उमगते, कारण तिथे चूक झाली तरी एकच सेटलर वाया जातो. युद्धात तेच गणित, फौजेची देखभाल, इतर राष्ट्रांची वाढती नाराजी आणि मोडलेले व्यापारी मार्ग हे सगळे एकदम अंगावर येते. डाव हरल्यावर नवा खेळाडू 'माझे आर्चर कमी पडले' असा निष्कर्ष काढतो, आणि खरे कारण बहुधा वेगळेच असते.

तटबंदी यांनी किमतीची जी तुलना केली, तिच्यात फौज शाबूत राहील असे धरले आहे. शत्रूच्या हद्दीत थांबलेल्या तुकडीची टर्नला प्रकृतीचे फक्त पाच गुण भरून येतात, स्वतःच्या हद्दीत पंधरा आणि शहरात वीस. नवशिक्याची फौज पहिल्या शहरासमोरच अर्धी होते आणि दुसऱ्या शहरापर्यंत ती पोहोचतच नाही, हे कोणीही कबूल करेल.

जुना_नकाशा :

मी या मालिकेत चौथ्या भागापासून आहे, म्हणून एक बाजूची गोष्ट नोंदवतो. २००५ च्या चौथ्या भागात प्रत्येक नव्या शहराबरोबर देखभालीचा खर्च वाढायचा, राजधानीपासूनच्या अंतराचा वेगळा भुर्दंड पडायचा, आणि घाईने सहा शहरे वसवणाऱ्याचे संशोधन ठप्प व्हायचे. २०१० च्या पाचव्या भागात हाच लगाम आनंदाच्या रूपाने आला. प्रत्येक शहरामागे तीन आणि प्रत्येक नागरिकामागे एक असे असमाधान साऱ्या साम्राज्याच्या खात्यात जमा होई. चार शहरांवर थांबण्याची जी सवय पाचव्या भागाच्या खेळाडूंना लागली, ती सहाव्यात आणून ते हरतात. तेव्हा 'विस्तार आधी शिका' हे म्हणणे सहाव्या भागापुरतेच खरे आहे. चौथ्यात मी उलट सांगितले असते, कारण तिथे तांबे सापडल्याबरोबर कुऱ्हाडवाले घेऊन शेजाऱ्यावर चालून जाणे हाच तगून राहण्याचा मार्ग असे.

माझा मूळ आक्षेप मात्र दोघांवरही आहे. युद्ध करायचे की नाही हे आपण ठरवतो, असे तुम्ही दोघेही धरून चालला आहात. रानटी टोळीचा टेहळ्या तुमचे शहर पाहून तळावर परतला की हल्ला येणारच, आणि संरक्षणाविना निघालेला सेटलर त्यांच्या हाती लागणारच. त्यामुळे बचावाचे युद्ध पहिल्या वीस टर्नमध्येच शिकावे लागते, तुमचे मत काहीही असो. टेकडीवर आणि जंगलात लढाऊ बळाला मिळणारी तीन-तीन गुणांची जोड, नदी ओलांडून हल्ला करणाऱ्याला बसणारा पाच गुणांचा फटका आणि तळ ठोकून बसल्यावर चढत जाणारी बळकटी या गोष्टी टोळ्यांशी लढताना फुकटात शिकता येतात.

षट्कोनी :

बचावाबद्दल माझे दुमत नाही. पहिल्या दोन शहरांसोबत दोन वॉरियर आणि एक स्लिंगर असावाच. माझा विरोध स्वतःहून पुकारलेल्या युद्धाला आहे.

तटबंदी :

टोळ्यांशी लढून शहर घ्यायला शिकता येत नाही, हीच तर अडचण आहे. वेढा हा वेगळा विषय आहे आणि तो प्रत्यक्ष केल्याशिवाय कळत नाही. शहराभोवतीच्या सहाही टाइलवर तुमचा ताबा किंवा वचक असेल, तर शहराला दर टर्नला भरून येणारी वीस प्रकृती बंद होते. त्यासाठी सहा तुकड्या लागत नाहीत. समोरासमोरच्या दोन टाइलवर दोन वॉरियर उभे केले की प्रत्येकाचा वचक दोन्ही बाजूंच्या टाइलवर पडतो आणि कडे पूर्ण होते. पण वचक नदीपलीकडे पोहोचत नाही. शहराला लागून नदी असेल तर तेच दोन वॉरियर पुरत नाहीत, शहर दर टर्नला सावरत राहते आणि खेळाडू आर्चरच्या नावाने बोटे मोडत बसतो. आर्चर दोन टाइलवरून मारतात, तेव्हा त्यांना मागच्या टेकडीवर ठेवावे, शेवटचा घाव मात्र वॉरियरकडून घालावा, कारण तिरंदाजाला शहरात शिरता येत नाही.

षट्कोनी यांनी प्रकृती भरून येण्याचे जे आकडे दिले तेही खरे आहेत, पण त्यांवर उपाय आहे. बढती स्वीकारली की तुकडीची ५० प्रकृती त्याच क्षणी भरते. म्हणून मिळालेली बढती लगेच न घेता तुकडी घायाळ होईपर्यंत राखून ठेवायची. असल्या गोष्टी शंभर टर्न शांत बसून कोणाला सुचणार आहेत?

आणि काठिण्यपातळीचा मुद्दा कोणीच काढला नाही. प्रिन्स या मधल्या पातळीवर एआयला (संगणक खेळवत असलेल्या राष्ट्राला) कोणतीच सवलत नसते, तेव्हा तिथे तुमची शांततेची वाट चालेलही. डिएटी या सर्वांत कठीण पातळीवर एआय तीन सेटलर घेऊन सुरुवात करतो आणि त्याच्या प्रत्येक तुकडीला चार गुण जास्त असतात. तिथे तुम्ही दुसरे शहर वसवायला निघाल तोवर चांगल्या जागा गेलेल्या असतात, आणि उरते ती शेजाऱ्याची वसलेली शहरे.

मुत्सद्दी :

डिएटीचे उदाहरण नवशिक्यासाठी गैरलागू आहे, पण वेढ्याचे वर्णन पटले. माझ्या दृष्टीने निर्णय टर्नच्या आकड्यावर टाकू नये. तिसरे शहर वसल्यानंतर एक टेहळ्या शेजाऱ्याच्या सीमेवर न्यावा आणि तीन गोष्टी पाहाव्यात : त्याच्या जवळच्या शहराला भिंत आहे का, ते शहर आपल्या लोकसंख्येच्या जवळ आहे की त्याच्या, आणि मधे नदी कुठे आहे. भिंत नसेल आणि शहर आपल्या बाजूला झुकलेले असेल, तर पुढचे उत्पादन आर्चरला द्यावे.

षट्कोनी :

ही कसोटी मला चालेल, मात्र तिला एक पुरवणी हवी. आर्चर पोहोचेपर्यंत भिंत उभी राहिलेली दिसली आणि सोबत रॅम नसेल, तर फौज त्याच टर्नला मागे घ्यावी आणि तिच्या पहाऱ्यात पुढचे दोन सेटलर सीमेवरच्या मोकळ्या जागी वसवावेत.

तटबंदी :

मागे का घ्यावी? युद्ध पुकारले की त्याचे सेटलर आणि बिल्डर (टाइल सुधारणारे) उघड्यावर सापडतात. या भागात पकडलेला सेटलर सेटलरच राहतो. पाचव्या भागात त्याचा मजूर होत असे. भिंतीआडचे शहर नाही मिळाले तरी त्याचा सेटलर घेऊन तुमच्याच त्या मोकळ्या जागी वसवा, आणि २३० उत्पादन वाचवा.