मदत हवी आहे: मुलांना घेऊन पुण्यातल्या लाल देवळात (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) जायचंय

सोसायटीतल्या पाचवी ते आठवीच्या वीसेक मुलांना एका रविवारी पायी फिरवायचंय (शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस असतो). डेव्हिड ससून यांनी बांधलेलं लाल देऊळ, सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवरचं क्वार्टर गेटचं सिटी चर्च, शेवटी कॅम्पातला गुरुद्वारा. लंगरमध्ये मुलांनी जेवावं, वाढावं, भांडीही घासावीत. घरी स्वतःचं ताट उचलत नाहीत ते सोडा! डोक्याला बांधायला रुमाल घेतलेत. अग्यारीत पारशांखेरीज प्रवेश नाही, ती बाहेरूनच.

अडलंय लाल देवळापाशी. आधी परवानगी लागते एवढं कळलं, पुढचं ओळखीतले दोघे दोन तऱ्हेनं सांगतात. गटासाठी अर्ज कोणाकडे आणि किती दिवस आधी द्यायचा? ओळखपत्र मुलांचंही लागतं, की फक्त मोठ्यांचं?