आजोबांच्या वहीतून माणसे कुठे गेली?

शिवडीकर (प्रश्न)

माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून १९४२ साली मराठा पलटणीत भरती झाले, दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर लढले आणि परतल्यावर लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात निवृत्त होईपर्यंत राबले. युद्धाविषयी ते घरात कधी बोलले नाहीत. गेल्या महिन्यात पुनर्विकासासाठी शिवडीची खोली रिकामी करताना त्यांची खिशात मावेल एवढी वही सापडली. मजकूर बहुतेक देवनागरीत आहे, मधूनच रोमन लिपीतली उर्दू येते, कारण त्या काळी पलटणीत जवानांना तीच शिकवीत.

१९४४ च्या हिवाळ्यापर्यंतची पाने माणसांनी भरलेली आहेत. डोंगरातल्या एका म्हातारीने ओंजळीत ‘भाजलेल्या आठळ्या’ घातल्याची नोंद आहे (इटलीत फणस कुठला, ते चेस्टनट असणार हे मला फार उशिरा कळले), आणि त्यापुढे ‘आईसारखी’ एवढाच शब्द आहे. मग एका पानावर असे आहे की त्यांचा जोडीदार जखमी जर्मन सैनिकाला पाणी पाजायला वाकला असता त्याच सैनिकाने त्याला गोळी घातली. त्याखाली आजोबांनी लिहिले आहे, ‘आता तोंड बघून काही कळत नाही.’ तिथून पुढे वहीत माणूस औषधालाही सापडत नाही. पाऊस, बूट, आटा, डाळ, काडतुसे, एवढेच.

माझा मुलगा येत्या काही महिन्यांत सैनिकी अधिकाऱ्याच्या प्रशिक्षणासाठी जाणार आहे. वही वाचून त्याने विचारले, ‘पणजोबांचा माणसांवरचा विश्वास उडाला होता का?’ मला उत्तर देता आले नाही. ज्यांनी सैन्यात सेवा केली आहे किंवा या विषयाचा विचार केला आहे, त्यांचे मत ऐकायला आवडेल.

चेंबूरचा सुभेदार

ताई, मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालो. १९९९ साली माझी नेमणूक कारगिल भागात होती, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो.

शत्रूविषयीचा सर्वांत मोठा राग मी आघाडीवर पाहिला नाही. तो सुट्टीवर आल्यावर लोकलच्या डब्यात ऐकला. वर श्वास पुरत नाही, तिथे राग बाळगणेही जड जाते. त्या युद्धात पाकिस्तानने स्वतःच्या अनेक सैनिकांचे मृतदेह ताब्यात घेतले नाहीत आणि आपल्या सैन्याने त्यांचे दफन इस्लामी रिवाजाप्रमाणे केले. अशाच एका दफनाच्या कामावर मी होतो. जमीन खणली जात नव्हती, म्हणून लांबून दगड वाहून आणावे लागत होते, आणि चारच दिवसांपूर्वी आमच्या तुकडीतला एक पोरगा गेला होता. माझ्या मनात त्या वेळी कसलीही दया नव्हती. मी शिव्या देत दगड उचलत होतो, पण रचताना मात्र ते नीट रचले. का, ते मला आजही सांगता येत नाही.

त्याच युद्धात टायगर हिलवर लढताना पडलेले पाकिस्तानचे कॅप्टन कर्नल शेर खान (‘कर्नल’ हे त्यांच्या नावातच होते) किती शौर्याने लढले, हे आपल्या ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी लिहून कळवले, आणि पुढे त्यांना त्यांच्या देशाचा सर्वोच्च लष्करी सन्मान, निशान-ए-हैदर, मिळाला. आपली माणसे ज्याने मारली त्याच्याविषयी असे लिहायला हात किती जड होत असेल, याची कल्पना करून पाहावी.

आजोबांच्या आटा-डाळीच्या नोंदींना कोरडे समजू नका. दुसऱ्या दिवसाचा शिधा लिहिणारा माणूस दुसरा दिवस धरून चाललेला असतो. त्या याद्या पुन्हा एकदा सावकाश वाचा, एवढी विनंती.

गिरगावकर मास्तर

सुभेदारसाहेबांचा अनुभव आदराने वाचला, परंतु त्यावरून चांगुलपणाचा निष्कर्ष काढणे मला धोक्याचे वाटते. मृतांचे दफन सन्मानाने आणि शक्य असल्यास त्यांच्या धर्मविधींप्रमाणे करावे, असे १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारातच लिहिलेले आहे. हे नियम लिहावे लागले, कारण सैनिकाच्या अंतःकरणावर विसंबून चालत नाही हे जगाला पुरते कळले होते. २४ जून १८५९ रोजी इटलीतल्याच सोल्फेरिनो येथील लढाईत हजारो जखमी उघड्यावर विव्हळत पडले, तेव्हा शेजारच्या कास्तिल्योने गावातल्या बायकांनी ‘सगळे भाऊच’ असे म्हणत दोन्ही बाजूंच्या सैनिकांची सारखीच शुश्रूषा केली. ते पाहणाऱ्या आंरी द्युनां या स्विस व्यापाऱ्यांना मात्र तेवढ्यावर समाधान मानता आले नाही. त्यांनी कायमची संघटना आणि करार यांचा आग्रह धरला, आणि त्यातून रेड क्रॉस उभी राहिली.

शिवाय चांगले आणि क्रूर असे दोन वेगळे सैनिक नसतात. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनिओ नदीवर मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनी दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोहोचवले, आणि त्यानंतर परत जाऊन शत्रूची मशीनगनची ठाणी उद्ध्वस्त केली. हाताला जखम होऊन बंदूक चालेना, तेव्हा हातबॉम्ब वापरले. या कामगिरीसाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. जखमींना उचलणारे आणि बॉम्ब फेकणारे हात एकच होते. आपल्या मुलाला विश्वासापेक्षा नियम पाठ असू द्यावेत.

परळची डॉक्टर

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. मास्तरांचे म्हणणे मला अर्धेच पटते. नियम हात आवरतात, पण हात आवरलेल्या माणसाच्या मनाचे पुढे काय होते, हा प्रश्न उरतोच. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना अमेरिकेतील डॉ. जोनाथन शे यांनी ज्याला नैतिक जखम म्हटले, ती भीतीतून होत नाही. जे योग्य म्हणून धरून ठेवले होते त्याचाच घात झाला, या जाणिवेतून ती होते. आपल्या आजोबांचा जोडीदार पाणी पाजताना मारला गेला, म्हणजे त्यांच्या दृष्टीने गोळी भलेपणालाच लागली. ‘तोंड बघून कळत नाही’ हे वाक्य द्वेषाचे नाही. माणूस ओळखण्याचे आपले कसब गेले, असे ते सांगते. हे अधिक दुखते, कारण द्वेषाला निदान एक ठरलेला शत्रू असतो.

एक विचारते: गिरणीत आणि चाळीत ते माणसांशी कसे वागत?

शिवडीकर

डॉक्टर, ते कोणाला सहज घरात घेत नसत, पण गिरणीतल्या निरक्षर कामगारांची गावाकडची पत्रे दर रविवारी गॅलरीत बसून लिहून देत. आत या असे मात्र म्हणत नसत.

सुभेदारसाहेब, आपल्या सांगण्यावरून याद्या पुन्हा वाचल्या. जोडीदार गेला त्या दिवसाआधी सामानाच्या प्रत्येक यादीत ‘पाण्याची बाटली १’ असे आहे. त्यानंतरच्या सगळ्या याद्यांत, वही संपेपर्यंत, ती संख्या २ आहे. कारण कुठेही लिहिलेले नाही. मी तीन वेळा मोजून पाहिले.

चेंबूरचा सुभेदार

ताई, खोटी आशा लावणार नाही. दुसरी बाटली माणूस स्वतःसाठीही घेतो, आणि गेलेल्या सोबत्याची म्हणूनही जवळ ठेवतो. मात्र भरलेली बाटली चढावर किलोभराने जड असते, आणि तिथे जवान कमी करता येईल ते ओझे कमी करत असतो. वही संपते ती तारीख कोणती?

शिवडीकर

२८ एप्रिल १९४५. त्या दिवशीही २.