भजन चालू असताना टॅबची स्क्रीन बंद होते, कायम चालू कशी ठेवायची?

पेटीवाला
सॅमसंग गॅलॅक्सी टॅब ए८ आहे. अभंगांच्या पीडीएफ भरून पेटीसमोर स्टँडवर लावतो. स्क्रीन टाइमआउट जास्तीत जास्त १० मिनिटेच ठेवता येतो. गजर रंगला की एकाच पानावर त्याहून जास्त वेळ जातो, स्क्रीन काळी होते आणि दोन्ही हात पेटीवर असतात. भजन दोन-अडीच तासांचं. स्टँडजवळ प्लग नाही. 'नेव्हर' हा पर्याय कुठे लपलाय का?

खटपट्या
सॅमसंगच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये नाही. आयपॅडवर 'डिस्प्ले अँड ब्राइटनेस'मध्ये ऑटो-लॉकला 'नेव्हर' मिळतो, पण तिथेही लो पॉवर मोड चालू झाला की स्क्रीन ३० सेकंदांतच बंद व्हायला लागते.

तुमच्या टॅबवर 'कीप स्क्रीन ऑन व्हाइल व्ह्यूइंग' दिसलं तर त्याच्या नादी लागू नका. ते पुढच्या कॅमेऱ्याने चेहरा शोधतं. गाभाऱ्यासमोरच्या मंद उजेडात, मान खाली असताना त्याला काही दिसत नाही.

अंधारकोठडी
आधी पीडीएफचं ॲप बदलून बघा. स्क्रीन जागी ठेवण्याची मुभा अँड्रॉइड प्रत्येक ॲपला देतं, त्यासाठी वेगळी परवानगीही लागत नाही. साध्या फाइल व्ह्यूअरमध्ये ही सोय सहसा नसते. पुस्तकं वाचायच्या किंवा नोटेशनच्या ॲपमध्ये 'कीप स्क्रीन ऑन' मिळतं. ते चालू केलंत की चार्जरची अट नाही, आणि ॲप बंद केलं की टॅब पूर्ववत. मात्र तानपुऱ्याच्या ॲपवर गेलात की पीडीएफचं ॲप मागे जातं आणि त्याची पकड सुटते. तानपुरा आधी लावून मग पीडीएफवर या.

पायाने पान उलटायचं ब्लूटूथ पेडल असेल तर तेही चालतं. टॅबच्या लेखी पेडल म्हणजे कीबोर्ड. कळ दाबली की टाइमआउटची मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

खटपट्या
ॲप बदलायचं नसेल तर डेव्हलपर ऑप्शन्स, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीचा लपवलेला मेनू. सेटिंग्ज → अबाउट टॅबलेट → सॉफ्टवेअर इन्फर्मेशन → बिल्ड नंबर, यावर ७ वेळा टॅप करा, पिन टाका. सेटिंग्जच्या तळाशी 'डेव्हलपर ऑप्शन्स' येईल, त्यात 'स्टे अवेक' चालू करा. हे फक्त चार्जिंग चालू असतानाच काम करतं, म्हणजे तुम्हाला पॉवर बँक लागणार. १०००० एमएएचची पुरते.

घरी आल्यावर 'स्टे अवेक' आठवणीने बंद करा, नाहीतर रात्री चार्जिंगला लावलेला टॅब सकाळपर्यंत उजळलेला राहील.

पेटीवाला
दोन्ही करून पाहिलं. ॲप बदलल्यावर ठीक चालतंय. 'स्टे अवेक' मात्र पॉवर बँकेवर कधी चालतं, कधी नाही. शिवाय पैशांच्या व्यवहाराचं, माझ्या बँकेचं ॲप आता उघडत नाही, डेव्हलपर ऑप्शन्स बंद करा म्हणतं.

अंधारकोठडी
पॉवर बँकेला दोन्ही टोकांना यूएसबी-सी पिन असलेली केबल लावलीय का? त्यात कोण कुणाला वीज देणार हे दोन्ही उपकरणं आपसात ठरवतात, आणि कधी कधी टॅबच पॉवर बँकेला चार्ज करायला लागतो. मग 'स्टे अवेक'च्या दृष्टीने चार्जिंग नाहीच. एका टोकाला जुनी चौकोनी यूएसबी-ए पिन असलेली केबल वापरा, उलटा प्रवाह जाणार नाही. सी पोर्टमध्ये पिन ढिली बसत असेल तर पोर्टातला कचरा लाकडी टूथपिकने हलकेच काढा, टॅब बंद करून.

आउटपुटही बघा. ५ व्होल्ट १ अँपिअर म्हणजे ५ वॅट. ब्राइटनेस पूर्ण असेल तर चार्जिंगचं चिन्ह दिसूनही बॅटरी उतरू शकते. ५ व्होल्ट २ अँपिअरचा पोर्ट घ्या आणि ब्राइटनेस निम्म्यावर आणा. पीडीएफ काळ्या पार्श्वभूमीवर ठेवून या टॅबवर बॅटरी वाचत नाही, कारण ए८ची स्क्रीन एलसीडी आहे. मागचा दिवा तेवढाच जळतो. वाचतं ते ब्राइटनेस कमी केल्यानेच.

खटपट्या
बँकेच्या ॲपचं सोपं आहे. डेव्हलपर ऑप्शन्सच्या पानावर सगळ्यात वरचं बटण बंद करा, ॲप पुन्हा उघडेल. 'स्टे अवेक'ही त्यासोबत जाईल.

कॉम्प्युटर हाताशी असेल तर एडीबीने (कॉम्प्युटरवरून अँड्रॉइडला आज्ञा देण्याचं साधन) 'स्क्रीन ऑफ टाइमआउट'ची किंमत थेट वाढवता येते, रूट न करता, म्हणजे टॅबची मूळ कुलुपं न तोडता. ती मिलिसेकंदांत टाकायची: तीन तासांना १०८०००००. चार्जर लागत नाही. त्यासाठी चालू केलेलं यूएसबी डीबगिंग (कॉम्प्युटरच्या आज्ञा टॅबला घेऊ देणारी सेटिंग) आणि डेव्हलपर ऑप्शन्स नंतर बंद केले तरी किंमत टिकते. फक्त मग सेटिंग्जमधल्या स्क्रीन टाइमआउटच्या यादीला हात लावू नका. तिथे काहीही निवडलं की तुमचा आकडा पुसला जातो. ऑफिसचं ईमेल टॅबवर असेल आणि कंपनीने लॉकची कमाल वेळ ठरवलेली असेल, तर तिच्यापुढे हा आकडाही चालत नाही.

ॲपमधलं 'कीप स्क्रीन ऑन' चालतंय ना, मग तुम्हाला यातलं काहीच लागणार नाही. निघताना टॅब पूर्ण चार्ज असू द्या, अडीच तास आरामात निघतील.