अनुवादाचा पेपर घेऊ की ब्राझीलच्या संस्कृतीचा?

शेंडेफळ
पोर्तुगीजमध्ये बीए करतेय, दुसरं वर्ष. पुढच्या सत्रात दोनपैकी एकच पेपर घेता येतो: अनुवाद किंवा ब्राझीलचा समाज आणि संस्कृती. मन दुसऱ्याकडे ओढतंय. घरचे म्हणतात, अनुवाद घे, हाताला काम तरी मिळेल.

त्यात आणखी एक अडचण. पहिल्या वर्षी आम्हाला पोर्तुगालचे उच्चार शिकवले. आता आलेल्या बाई ब्राझीलमधल्या बेलो होरिझोन्टेच्या. त्या स्वतः गावाचं नाव घेतात ते 'बेलोरिझोंची' असं. 'सुप्रभात'साठी माझ्या वहीत 'बों दिआ', त्या म्हणतात 'बों जीआ'. पाव, बटाटा, चावी, साबण हे शब्द ओळखीचे, म्हणून ही भाषा मला निम्मी आपलीच वाटायची. परवा फळांची नावं सांगताना मी मोठ्या विश्वासाने 'अननस' म्हटलं. बाई म्हणाल्या, आमच्याकडे 'आबाकाशी' म्हणतात. तेव्हापासून वर्गात तोंड उघडायचा धीर होत नाही. तुम्ही काय केलं असतं?

नदीकाठ
उच्चारांचं मनावर घेऊ नकोस. शब्दाच्या शेवटचा 'ए' बोलताना 'ई' होतो, आणि 'ई'च्या आधीच्या त-दचे च-ज होतात. एवढा नियम कळला की निम्मं कोडं सुटतं. तोही सगळ्या ब्राझीलला लागू नाही, रेसिफेकडे 'दिआ'च ऐकू येईल. बोलताना एकच उच्चार धर, कानाला मात्र दोन्हींची सवय लाव.

पानगळ
मी संस्कृतीचा पेपर घेतला होता, आणि अनुवाद मला त्याच पेपरने शिकवला असं आज वाटतं.

तुझ्या नावापासूनच बघ. शेंडेफळाला ब्राझीलमध्ये 'कासूला' म्हणतात. हा शब्द अंगोलातल्या किम्बुंदू भाषेतून आला. 'काफुने'ही तिथलाच: मायेने कुणाच्या केसांतून बोटं फिरवणं. एका कथेत आजी नातवाला काफुने करते. मी शब्दकोश बघून 'डोकं चोळून दिलं' असं लिहिलं. सरांनी ते वाक्य खोडलं नाही, फक्त समासात लिहिलं, 'इथे माया कुठे आहे?' तो शेरा मी अजून विसरलेले नाही.

हे शब्द ब्राझीलच्या घराघरांत कसे पोचले? सोळाव्या शतकापासून सुमारे ४८ लाख आफ्रिकन माणसं गुलाम करून तिथे उतरवली गेली. कितीतरी गोऱ्या घरांतली मुलं त्यांच्यातल्या बायकांनी वाढवली. गुलामगिरी कायद्याने संपली १३ मे १८८८ला, अमेरिका खंडांत सगळ्यात शेवटी. पण कृष्णवर्णीयांच्या चळवळीने आपला दिवस म्हणून २० नोव्हेंबर निवडला. पळालेल्या गुलामांनी वसवलेल्या पाल्मारेसचा नेता झुंबी १६९५मध्ये त्या दिवशी मारला गेला. २०२४पासून त्या दिवशी देशभर सुट्टी असते. आता एखाद्या कवितेत नुसतं '२० नोव्हेंबर' आलं, तर हे माहीत नसलेला अनुवादक तारीख लिहून पुढे जाईल आणि कविता मागेच राहील.

आबाकाशी मूळचा तुपी, तिथल्या आदिवासींच्या भाषेतला. आपला काजूही तुपीतूनच पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे आला. त्यामुळे अननस म्हणालीस यात लाजण्यासारखं काही नाही. भाषा अशीच फिरते. बाईंना काजूची गोष्ट सांग, त्यांना आवडेल.

तिसरी_घंटा
कामाचं म्हणशील तर सेल्पे-ब्रास परीक्षेकडे बघ. परदेशी लोकांसाठीची ब्राझील सरकारची पोर्तुगीजची परीक्षा आहे. सगळ्यांना एकच पेपर, गुणांवरून पातळी ठरते. व्याकरणाचे सुटे प्रश्न नसतात. एक व्हिडिओ, एक ध्वनिफीत आणि दोन उतारे, त्यावरून पत्र किंवा लेख असं काहीतरी लिहायचं. मग वीस मिनिटं समोरासमोर गप्पा, तिथल्या रोजच्या जगण्यावरच्या. नुसतं व्याकरण पक्कं असलेली माझी मैत्रीण त्या गप्पांत अडखळली. पुढे तिकडे शिकायचं मनात असेल, तर सरकारी विद्यापीठांत नियमित पदवीला शिक्षण शुल्क नसतं. राहण्याजेवण्याचा खर्च मात्र आपला.

शेंडेफळ
पानगळताई, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. काफुनेपाशी ती थांबली आणि म्हणाली, याला आपल्याकडे एक शब्द का नाही गं? उद्या संस्कृतीच्या पेपरचा अर्ज भरतेय. काजूची गोष्टही बाईंना सांगणार आहे, पोर्तुगीजमध्येच. आत्ता वहीत वाक्यं जुळवत बसलेय.