‘द लास्ट ऑफ अस’चा दुसरा भाग न खेळता त्यावर निकाल देणाऱ्यांशी मला वाद घालायचा आहे

सिडकोवाला

आधीच सांगतो, खाली या व्हिडिओ गेमची सगळी गोष्ट उघडी केली आहे. ज्यांना अजून खेळायचंय त्यांनी इथूनच परत फिरावं.

परवा नाशिकच्या कॉलेज रोडला चहा पिताना आमच्यात जोरात जुंपली. एक मित्र म्हणाला, दुसरा भाग फालतू आहे, त्या एबीने सगळी वाट लावली. मी विचारलं, किती खेळलास? तर म्हणे खेळलो नाही, हिंदी कॉमेंट्रीचा वॉकथ्रू, म्हणजे दुसऱ्याने खेळून दाखवलेला व्हिडिओ पाहिला, तोही दीडपट वेगाने. आणि हाच मुलगा २०२० पासून दिसेल त्या फॅन ग्रुपमध्ये एबीच्या फोटोखाली शिव्या लिहितो आहे.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नॉटी डॉग कंपनीचा पहिला भाग २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ वर आला. बुरशीच्या साथीने जग कोसळलंय. मुलगी गमावलेला जोएल, चौदा वर्षांच्या एलीला घेऊन अख्खी अमेरिका पार करतो, कारण चावा बसूनही तिला लागण होत नाही. शेवटी कळतं की लस हवी असेल तर तिचा जीव जाणार. जोएल त्या हॉस्पिटलातल्या माणसांना, ऑपरेशनला उभ्या असलेल्या डॉक्टरलाही मारतो, तिला उचलून नेतो आणि तिच्याशी खोटं बोलतो. दुसऱ्या भागात त्याच डॉक्टरची मुलगी एबी, गेम सुरू होऊन फार वेळ झालेला नसताना, जोएलला गोल्फच्या काठीने मारून टाकते. एली सूड घ्यायला सिएटलला जाते. तीन दिवस आपण एली असतो. आणि मग गेम आपल्याला मागे नेतो, तेच तीन दिवस पुन्हा जगायला लावतो, आता एबी म्हणून.

ही अदलाबदल हाताला कळते. नोराचा प्रसंग घ्या. ही एबीची मैत्रीण, एबी कुठे आहे हे एली तिच्याकडून मारून वदवून घेते. हॉस्पिटलच्या तळघरात लाल उजेड, एलीच्या हातात लोखंडी पाइप, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर, आणि स्क्रीनवर चौकोनाचं बटण. तुम्ही दाबत नाही तोवर गेम थांबून राहतो. मी कितीतरी वेळ तसाच बसून होतो. यूट्यूबवर ते बटण दुसऱ्या कुणीतरी दाबलेलं असतं, आणि बहुतेक वेळा बोलता बोलता.

शेवट तर त्याहून जिवाला लागतो. या गेममध्ये गिटार आहे, कंट्रोलरच्या टचपॅडवर बोट फिरवलं की तारा वाजतात. जगभरच्या लोकांनी त्यावर खरी गाणी बसवली. जोएलने शिकवलेली ती गिटार एली शेवटी पुन्हा हातात घेते तेव्हा तिच्या डाव्या हाताची दोन बोटं गेलेली असतात. बोट आपण फिरवतो आणि सूर लागत नाही. माझं बोट बरोबर फिरतंय, तरी सूर लागत नाही! हे बघून कसं कळणार?

एप्रिल २०२० मध्ये गेमचे व्हिडिओ फुटले तेव्हा जोएलच्या मरणाची क्लिप कुणीतरी आमच्या ग्रुपवर टाकली. लॉकडाउनमध्ये आम्ही ज्या एका गोष्टीची वाट बघत होतो ती अशी हातून गेली. १९ जूनला गेम आला आणि मेटाक्रिटिक या परीक्षणांच्या साइटवर पहिल्या काही तासांतच वाचकांच्या शून्यांचा पाऊस पडला. गेम संपायला पंचवीसेक तास लागतात! शेवटी पुढच्या महिन्यात मेटाक्रिटिकने नियमच केला की गेम आल्यावर ३६ तास वाचकांना मत देता येणार नाही. माझं म्हणणं एवढंच, जो खेळला नाही त्याने या गेमवर निकाल देऊ नये.

पंचवटीकर

भाऊ, तुझं लिहिणं आवडलं आणि रागही आला. राग जास्त आला.

पीएस५, म्हणजे प्लेस्टेशन ५ हा गेम खेळायचा कन्सोल, भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला. माझे वडील सातपूरला कंपनीत आहेत. त्या वर्षी आमच्या घरात एवढे पैसे एका खेळण्यावर घालायचा विषय काढणंसुद्धा पाप होतं. गेमिंग कॅफेत जा म्हणशील, तर तिथे तासावर पैसे. दोघं-चौघं मिळून फुटबॉल किंवा मारामारीचे गेम खेळतात. पंचवीस तासांची गोष्ट तिथे कोण खेळणार? एकदा पहिला भाग सुरू केला होता, चौथ्या दिवशी गेलो तर कुणीतरी माझ्या सेव्हवर स्वतःचा सेव्ह मारलेला.

म्हणून मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने दुसरा भाग मोबाइलवर पाहिला. उशीला टेकवून, एकाच इअरफोनचा एक कान तिला, एक मला. कॉमेंट्री नसलेला व्हिडिओ मुद्दाम शोधला होता. सहा रात्री. जोएल गेला त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही, जणू मीच मारलं. तुझ्या हिशोबाने आमचं रडणं अर्धं धरायचं का?

ज्यांच्याकडे कन्सोल आहे त्यांनीच बोलायचं, असा नियम केला तर नाशिकमधले बहुतेक फॅन गप्प बसतील. मग उरलेल्यांत काय चर्चा होणार?

नाशिकरोडची रेवा

पंचवटीकर यांना +१, पण माझा मुद्दा वेगळा आहे.

धागाकर्त्याला वाटतंय की शिव्या देणारे न खेळलेले होते. मला तसं दिसलं नाही. मी त्या वेळी एबीची चित्रं काढून टाकत होते. खाली ज्या कमेंट आल्या त्यातल्या कित्येकांनी गेम संपवलेला होता, गेम संपवल्यावर मिळणाऱ्या ट्रॉफीचे फोटो टाकून शिव्या देत होते. एबीला आवाज आणि अभिनय देणाऱ्या लॉरा बेलीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, तिने जुलै २०२० मध्ये त्या लोकांसमोर ठेवल्या. कंट्रोलर हातात घेतल्याने माणसात काही उतरतं, हे तुमचं गृहीतक आहे. त्या लोकांत नाही उतरलं.

आणि सगळ्यात जास्त शिव्या कशाला होत्या? तिच्या दंडांना. बाईचे असे दंड असतात का, हा पुरुषच आहे, वगैरे. मी आठवी ते बारावी गोळाफेक केली आहे. रोज सकाळी मैदानावर जाताना रिक्षा स्टँडवरून जे ऐकायचे तेच शब्द, इथे इंग्रजीत. गोष्टीत कारण दिलंय, बाप मेल्यापासून ती सूडासाठी शरीर घडवते आहे, आणि तिची टोळी राहते त्या स्टेडियममध्ये जिम आहे, पोटभर जेवण आहे. पण कारण नसतं तरी काय बिघडलं असतं? पहिल्यांदा माझ्यासारखे खांदे असलेली बाई पडद्यावर धावताना पाहिली, त्याचा आनंद मला त्या कमेंटमुळे चोरून घ्यावा लागला. म्हणून मला वाद खेळलेले विरुद्ध न खेळलेले असा नको आहे.

जुना नेपथ्यकार

मी गेम खेळत नाही, भाच्याच्या शेजारी बसून पाहिला. कालिदास कलामंदिरात तीसेक वर्षं सेट उभे केले, तेवढ्या भांडवलावर लिहितो.

खलनायक चांगला वठला की शिव्या येतात. निळूभाऊ फुल्यांना गावोगावच्या बायका बोटं मोडायच्या, आणि त्यांना ती कामाची पावती वाटायची. पण त्या बायका ज्या गावात समोर उभ्या राहून बोटं मोडत, त्याच गावात त्यांना जेवायलाही वाढत. समोर माणूस दिसत असे. धमकी देणाऱ्याला लॉरा बेली दिसतच नाही, त्याला एबीच दिसते. रेवाताई, चित्रं काढणं थांबवू नका.

द्वारका सर्कल

मी दोनदा खेळलो. एकदा पीएस४ वर, एकदा २०२५ मध्ये पीसीवर आला तेव्हा. त्यामुळे धागाकर्त्याच्या नियमाने मला बोलायचा हक्क आहे. माझा निकाल: लेखन कच्चं आहे आणि ज्या बटणाचं तुम्ही एवढं कौतुक करता तिथेच ते कच्चं आहे.

पहिल्या भागात डॉक्टरला मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिथेही पर्याय नाही. पण तोवर मी कितीतरी तास जोएल होतो, त्या मुलीला मला वाचवायचंच होतं. गेमने मला ढकललं नाही, मीच धावत गेलो, आणि नंतर माझं मलाच भ्यायला झालं. तो शेवट म्हणूनच थोर आहे.

नोराच्या वेळी मला मारायचं नव्हतं. गेमने मला कोंडलं, बटण दाबायला लावलं आणि मग पुढचे दहा तास बघ तू काय केलंस म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं. अ‍ॅलिस नावाची कुत्री एलीच्या हातून मरते, तिथेही चौकोनच दाबायचा. मग एबीच्या भागात तीच अ‍ॅलिस शेपटी हलवत आपल्याबरोबर चालते. शत्रू मेला की त्याचा साथीदार त्याचं नाव घेऊन ओरडतो. हे सगळं मला रडवण्यासाठी आधी मोजून ठेवलेलं आहे, हे मला खेळताना दिसत होतं. जिथे मला नाही म्हणता येत नाही, तिथे अपराध माझा कसा?

एबीबद्दल तक्रार नाही. तिचा भाग एलीच्या भागापेक्षा चांगला बांधलाय. माझी तक्रार गेमचे दिग्दर्शक नील ड्रकमन आणि त्यांच्या टीमच्या बांधणीवर आहे आणि ती करणाऱ्या प्रत्येकाला ‘बाईद्वेष्टा’ म्हणून हाकलण्याचा जो प्रकार २०२० मध्ये झाला, त्याने आमच्यासारख्यांना शिव्या देणाऱ्यांच्या रांगेत नेऊन बसवलं. तेव्हापासून मी फॅन ग्रुप सोडले.

अनघा, इंदिरानगर

माझ्या भावाला फार कमी दिसतं. या गेममध्ये साठाहून जास्त सोयी आहेत, त्याच्यासारख्यांना डोळ्यासमोर ठेवून केलेल्या. मागचं चित्र राखाडी होतं, माणसं ठळक रंगांत दिसतात. कड आली, उडी मारायची आहे, वाकायचं आहे, प्रत्येकाला वेगळा आवाज. एक बटण दाबलं की पुढची वाट कुठे आहे तिकडे तोंड वळतं. आठवडाभर तो नुसते ते आवाज शिकत होता. मी शेजारी बसून अक्षरं वाचायचे, चिठ्ठ्या सापडल्या की मराठीत सांगायचे, कारण आई भाजी निवडत ऐकायची आणि तिला इंग्रजी कळत नाही.

बटण भाऊ दाबायचा. डाव्या दाराआड कुणीतरी आहे हे मी सांगायचे. थिएटरमध्ये एबीला आपल्या हाती देऊन एलीशीच लढायला लावतात तिथे आई म्हणाली, खेळू नको पुढे, दोघी पोरीच आहेत. आम्ही दोन दिवस गेम बंद ठेवला, आईच्या सांगण्यावरून.

सिडकोवाले दादा, आमच्या घरात गेम कोण खेळलं?

सिडकोवाला

अनघाताई, तुमच्या प्रश्नावर मी रात्रभर अडकलोय. तिघंही खेळलात, असंच मला म्हणावं लागेल, आणि मग माझा नियम उरत नाही. नियम मागे घेतो. पंचवटीकर, तुझं आणि बहिणीचं रडणं पूर्ण आहे. पैशाचा विचार न करता लिहिलं, त्याबद्दल माफ कर. माझा राग दीडपट वेगाने बघून शिव्या लिहिणाऱ्यावर होता, आणि तो तुझ्या अंगावर गेला.

पण द्वारका सर्कल, तुमचं मला पटत नाही. नाही म्हणता येत नाही, तीच तर एलीची अवस्था आहे. तिलाही थांबता येत नाही. तिची जोडीदार डीना आणि बाळ शेतावरच्या घरात असताना ती पुन्हा निघते, तेव्हा मी पडद्याकडे बघून मोठ्याने ‘नको’ म्हणालो होतो. तुम्हाला कोंडल्यासारखं झालं असेल, तर गेमने काम केलं असं मी म्हणेन.

द्वारका सर्कल

चिडवून सोडलं म्हणजे काम केलं, हे माप लावलं तर कुठलाच वाईट गेम वाईट ठरणार नाही. एली थांबू शकत नाही हे मी तिच्याकडे बघून समजू शकतो. त्यासाठी माझ्या हातून का करून घ्यायचं? आणि थोडं उलटं बघा. पंचवटीकर आणि त्याच्या बहिणीला उशीला टेकवलेल्या मोबाइलवर ते पोचलं, बटणाशिवाय. मग बटणाचं काम काय होतं?

सिडकोवाला

याचं उत्तर लिहून देता येणार नाही. पंचवटीकर, रविवारी घरी ये. गेम पूर्ण केला की हवा तो प्रसंग निवडता येतो. नोराचा प्रसंग लावून ठेवतो. तूच सांग फरक पडतो का.

पंचवटीकर

जाऊन आलो.

दोन तास आधीपासून खेळायला दिलं, म्हणजे हात बसावा. तळघरात पोचलो. लाल उजेड. चौकोन आला. मी कंट्रोलर पलंगावर ठेवला. सिडकोवाला काही बोलला नाही. स्क्रीन तशीच, एली पाइप घेऊन उभी. त्याची आई चहा घेऊन आली, म्हणाली, अडकलं का रे? मी म्हणालो, नाही काकू.

मी बटण दाबलं नाही. चहा प्यायलो आणि घरी आलो. पुढे काय होतं ते मला पाठ आहे, व्हिडिओ चार वेळा पाहिलाय, आणि चारही वेळा मी शेंगदाणे खात होतो हे मला आज रामकुंडावरून येताना आठवलं.

म्हणून सिडकोवाला बरोबर, असं मात्र लिहिणार नाही. द्वारका सर्कल यांचंही मला तिथे बसल्यावरच कळलं. दाबायचं नसेल तर उठून जाण्याशिवाय त्या गेमने मला काही ठेवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी बहिणीला घेऊन येतोय. तिला बाकी काही नको आहे, फक्त गिटार वाजवायची आहे. आधी सगळी बोटं असलेली लाव.