चौथ्या सेमला एसपीआय ५.१० आणि एक केटी: इंटर्नशिपच्या अर्जात सांगावं का?

पाचवं_सेम_मेक:
वडोदऱ्यात जीटीयूच्या (गुजरात टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी) कॉलेजात मेकॅनिकलला आहे, पाचव्या सेमची परीक्षा झाली. चौथ्या सेमचा एसपीआय (त्या एका सेमची सरासरी, १० पैकी) ५.१०, फ्लुइड मेकॅनिक्सला एफएफ, म्हणजे नापास, तीच केटी. चार सेमचा मिळून सीपीआय (एकूण सरासरी) ६.३५. रेमेडियल (राहिलेल्या विषयाची फेरपरीक्षा) हिवाळी परीक्षेत दिली आहे, निकाल यायचाय. उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहत) छोट्या कंपन्यांना ईमेल करायचेत, शिवाय दोन मोठ्या कंपन्यांचे ऑनलाइन फॉर्म आहेत. रिझ्यूमेवर मार्क लिहायचे का? केटीचं आपणहून सांगायचं का? वर्गातले म्हणतात ६.३५ गुणिले १० कर, ६३.५ टक्के टाक, कोण बघतंय.

भरतीवाली_ताई:
आधी त्या ६३.५ चं बघू, कारण खरी गडबड तिथेच आहे. जीटीयूचं सूत्र आहे: सीपीआयमधून ०.५ वजा करा आणि १० ने गुणा. म्हणजे तुझे ५८.५ टक्के. थेट १० ने गुणलं तर ६३.५ येतात. सीबीएसईचं जुनं दहावीचं ९.५ लावलं तर ६०.३ येतात, आणि हे तर जास्त वाईट, कारण ते दिसायला बरोबर वाटतं आणि बरोब्बर ६० ची कट-ऑफ ओलांडतं. गुणपत्रिका हातात आल्यावर वजाबाकी करायला कुणालाही दहा सेकंद लागतात. मग ती आकडेमोडीतली चूक होती की लबाडी, हे कुणी विचारत बसत नाही, नाव सरळ बाजूला पडतं. जीटीयूत ६० टक्के हवे असतील तर सीपीआय ६.५० लागतो. (एम.एस. युनिव्हर्सिटीच्या मुलांनी हे सूत्र उचलू नये. आपल्या विद्यापीठाचं जे असेल तेच लावायचं.)

आता तुझा प्रश्न. रिझ्यूमे हा तुझा कागद आहे, त्यात काय ठेवायचं ते तू ठरवतोस. सीपीआय न लिहिणं म्हणजे खोटं बोलणं नाही. शिक्षणाच्या ओळीत शाखा, कॉलेज, विद्यापीठ आणि पास होण्याचं अपेक्षित वर्ष पुरे. पण मग दहावी-बारावीचे चांगले टक्के लिहून फक्त इंजिनीअरिंगचा आकडा गाळू नकोस. ती मोकळी जागा ओरडून सांगते. लिहायचे तर तिन्ही, नाहीतर एकही नाही.

फॉर्मची गोष्ट वेगळी. तिथे त्यांनी प्रश्न विचारलेला असतो. सीपीआय विचारला तर ६.३५ लिही, ६.४ नाही. दशांशानंतर जेवढे आकडे गुणपत्रिकेवर आहेत तेवढेच. बॅकलॉगच्या (म्हणजे केटीच्या) रकान्यात दोन प्रश्न असतात आणि मुलं ते एकच समजतात. एक, आत्ता चालू असलेला बॅकलॉग आहे का? दोन, आजवर कधी होता का? पहिल्याचं उत्तर निकाल लागल्यावर बदलतं, दुसऱ्याचं कधीच बदलत नाही. आज तुझं दोन्हीचं उत्तर 'हो' आहे. पेपर दिला म्हणजे केटी सुटली असं धरून 'नाही' लिहू नकोस. खाली शेऱ्याची जागा असेल तर 'एक विषय, रेमेडियल दिली आहे, निकालाची प्रतीक्षा' एवढंच. निकाल चांगला आला की त्याच ईमेलच्या उत्तरात नवी गुणपत्रिका जोडून पाठव, नवा अर्ज करू नकोस. दोन अर्जांत दोन वेगळे आकडे दिसले की शंका येते.

जिथे 'चालू बॅकलॉग चालणार नाही' असं साफ लिहिलंय तिथे आत्ता फॉर्म भरू नकोस. तारीख निकालानंतरची असेल तर थांब. खोटं 'नाही' लिहून निवड झाली तरी रुजू होताना गुणपत्रिका मागतात, काही ठिकाणी डिजिलॉकरवरचीच प्रत चालते. तिथे पत्र रद्द झालं तर ते कॉलेजच्या प्लेसमेंट सेलपर्यंत जातं, आणि ते प्लेसमेंटच्या वर्षी नडतं.

मकरपुरा_शॉपफ्लोअर:
ताईंचं मोठ्या कंपन्यांबाबत सोळा आणे खरं. पण छोट्या कारखान्यात हा प्रश्नच निघत नाही. वीस-पंचवीस माणसांच्या मशीनिंगच्या शेडमध्ये मालक स्वतः ईमेल वाचतात. त्यांना हवं असतं की मुलगा ड्रॉइंग वाचतो का, वेळेवर येतो का, आणि पोरगं मशीनच्या जवळ उभं राहिलं तर हात घालणार नाही ना. त्यामुळे ईमेलमध्ये एसपीआय लिहिणं म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर.

त्याऐवजी तयारी ही कर. ड्रॉइंगवर २५ एच७ (२५ मिमीच्या भोकाला किती फरक चालतो त्याची खूण) लिहिलेलं असेल तर भोक २५.००० ते २५.०२१ मिमीच्या आत हवं, हे तोंडावर पाहिजे. त्यात बसणारा शाफ्ट जी६ (तशीच शाफ्टची खूण) असेल तर २४.९८० ते २४.९९३. व्हर्नियर साधारण ०.०२ मिमी दाखवतं, मायक्रोमीटर ०.०१, मग हे भोक व्हर्नियरने का तपासायचं नाही? हा प्रश्न हमखास येतो. आपल्याकडे ड्रॉइंग फर्स्ट अँगलमध्ये (कुठल्या बाजूचं चित्र कुठे काढायचं त्याची पद्धत), पण निर्यातीच्या कामात अमेरिकन ग्राहकाचं थर्ड अँगलमध्ये येतं. कोपऱ्यातलं चिन्ह न बघता वाचलं तर उजवी बाजू डावीकडे जाते आणि भाग भंगारात. हे सांगता आलं की सीपीआय कुणी विचारत नाही.

आणि विचारलाच तर तीन वाक्यं: कुठला विषय राहिला, तो का अवघड गेला, आता काय केलंय. 'फ्लुइडमध्ये बर्नूलीच्या गणितांत हेडलॉस (प्रवाहात घर्षणाने वाया जाणारी ऊर्जा) धरायला विसरायचो, मागच्या पेपरांतली गणितं पुन्हा सोडवली, रेमेडियल दिली.' घरची आजारपणं, प्राध्यापक चांगले नव्हते, पेपर कडक तपासला, यातलं एकही नको. खरं असलं तरी समोरच्याला ते तपासता येत नाही, आणि दुसऱ्या प्रश्नाला तू अडकतोस.

एका बाबतीत मात्र ताईंशी मतभेद. जिथे कॉलेजच्या पत्राशिवाय कारखान्यात शिरू देत नाहीत तिथे केटीचं आधीच सांगून टाकलेलं बरं. पत्र देणाऱ्या ट्रेनिंग ऑफिसरला तुझा निकाल माहीतच असतो. त्यांच्याकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळलेलं कधीही चांगलं.

पाचवं_सेम_मेक:
ताई, दादा, आभार. अजून एक. केटी सुटली तर सीपीआय किती वर जाईल? आणि फॉर्ममध्ये 'सीजीपीए' म्हटलंय, तिथे काय टाकू?

आकडेमोड:
तुझे चारही सेम २० क्रेडिटचे आणि फ्लुइड ४ क्रेडिटचा धरू. प्रत्यक्ष क्रेडिट तुझ्या गुणपत्रिकेवरून घे, रीत तीच. सीपीआय ६.३५ म्हणजे ८० क्रेडिटवर ५०८ गुण. एफएफचे शून्य धरलेत. रेमेडियलला डीडी (काठावर पास, ४ गुणांची श्रेणी) मिळाला तर ४ गुणिले ४ म्हणजे १६ वाढतात: ५२४ भागिले ८०, म्हणजे ६.५५, सूत्राने ६०.५ टक्के. सीसी (६ गुणांची श्रेणी) मिळाला तर २४ वाढतात: ६.६५, म्हणजे ६१.५ टक्के. चौथ्या सेमचा एसपीआय ५.१० वरून डीडीला ५.९०, सीसीला ६.३०. थोडक्यात, काठावर पास झालास तरी ६० ची रेघ पार होते. हे फक्त पहिल्या चार सेमचं. पाचव्याचा निकालही सीपीआयमध्ये मिसळणार, तो ६.५० च्या वर असेल तर चिंता नाही.

सीजीपीएचं: जीटीयूत बी.ई.चा सीजीपीए पाचव्या सेमपासून मोजतात, सीपीआय सगळ्या सेमचा असतो. पाचव्याचा निकाल लागला की गुणपत्रिकेवर दोन वेगळे आकडे दिसतील आणि तुझा सीजीपीए बहुधा मोठा असेल. कंपनीला मात्र 'आजवरचा एकूण' अशा अर्थाने हवा असतो, कारण बाकीची विद्यापीठं या नावाने तोच देतात. म्हणून रकान्यात सीपीआय टाक. शेऱ्याची जागा असेल तर दोन्ही नावानिशी लिही. फक्त मोठा आकडा टाकून गप्प बसलास तर गुणपत्रिकेशी जुळतो खरा, पण दुसरा आकडा शेजारीच छापलेला असतो.

भरतीवाली_ताई:
बरोबर. पत्राबद्दल दादांचंही पटलं, ट्रेनिंग ऑफिसरला आधी भेट. आणि रेमेडियलमध्ये पुन्हा एफएफ आलाच तर रीचेक-रीअसेसमेंटच्या अर्जाची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते, ती तारीख त्याच दिवशी बघून ठेव. तोवर मकरपुऱ्याचे ईमेल सुरू कर, त्यांना निकालासाठी थांबायची काही गरज नाही. मंगळवार-बुधवारी सकाळी पाठव, जोडलेल्या फाइलला स्वतःचं नाव आणि शाखा दे. 'रिझ्यूमे_फायनल_नवा२' नावाच्या फाइली रोज डझनाने येतात.